टायरचा आकार आणि मोटारीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा

स्टॅनमोरच्या गल्ल्यांतून ताशी २० किंवा ३० मैलांच्या मर्यादेत निघालेली मोटार थोड्याच वेळात एम-१ महामार्गावर ७० मैलांच्या मर्यादेत धावू लागते. दोन्ही ठिकाणी चालकाचा विश्वास असतो तो समोरच्या वेगमापकावर. हा वेगमापक रस्ता मोजत नाही. चाकाचे फेरे मोजून त्यांना तो टायरच्या ठरावीक परिघाने गुणतो. मोठे अलॉय बसवताना किंवा हिवाळी टायर घेताना हा परीघ बदलला, तरी मोटारीला त्याची कल्पना नसते.

आकड्यांचा अर्थ

टायरवर २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असते. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे त्या रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो व असे चाक एका मैलात सुमारे ८११ फेरे घेते. २२५/४५ आर १७ या टायरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रिम मोठी होताना भिंत बुटकी झाल्याने हिशेब जुळतो. मात्र त्याच १६ इंची रिमवर २०५/६० टायर घातला, तर व्यास ६५२ मिलिमीटर होतो आणि मैलामागचे फेरे ७८५ वर येतात.

चारही चाके सारखीच बदलली तर

या शेवटच्या उदाहरणात फरक ३.२ टक्क्यांचा आहे. मूळ टायरवर अचूक असलेला वेगमापक आता ७० दाखवील, तेव्हा मोटार ७२ हून अधिक वेगाने धावत असेल. एकूण अंतराची नोंदही प्रत्यक्षापेक्षा कमी होईल. भाडेकरारावरील मोटारीत आणि सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकात हा फरक साचत जातो. स्वयंचलित गिअर आणि क्रूझ कंट्रोल याच वेगावर विसंबतात. मोटारीची उंची बदलल्यास पुढील कॅमेरा व रडार यांचे जुळलेले कोनही पुन्हा तपासावे लागू शकतात.

चाकाचाकांत फरक पडला तर

एबीएस आणि मोटारीचा तोल सांभाळणारी ईएससी या यंत्रणा चारही चाकांच्या गतीची सतत तुलना करतात. एक चाक इतरांपेक्षा वेगाने फिरू लागले, तर ते घसरत असावे असा त्यांचा तर्क असतो. चारही टायर सारखेच वाढले तर ही तुलना फारशी बिघडत नाही. पुढचे आणि मागचे टायर मूळ रचनेशी न जुळणारे असले, तर बिघडते. नवा टायर १.६ मिलिमीटर या कायदेशीर किमान खोलीपर्यंत झिजतानाच त्याचा व्यास सुमारे २ टक्के घटतो. त्यामुळे थोडा फरक सहन करण्याची सोय यंत्रणेत असते, परंतु ती अमर्याद नसते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या मोटारीत असा फरक यांत्रिक भागांवरही ताण आणतो.

हवेच्या दाबाची सूचना

दाबावर लक्ष ठेवणाऱ्या टीपीएमएस यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. अप्रत्यक्ष प्रकारात हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन जलद फिरते, यावरून दाब ताडला जातो. टायर बदलल्यावर दाब योग्य करून ही यंत्रणा नव्याने सेट करावी लागते. प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकातील संवेदक रेडिओ संदेश पाठवतो. युरोपात त्यासाठी ४३३ मेगाहर्ट्झ ही कंप्रता वापरतात, तर अमेरिकेतील अनेक मोटारींत ३१५. म्हणून तिकडून आणलेली चाके इथल्या मोटारीशी संवाद साधतीलच असे नाही.

कायदा आणि विमा

ब्रिटनमध्ये वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू नये, असा दंडक आहे. अधिक दाखवण्याची मुभा १० टक्के आणि वर ६.२५ मैलांपर्यंत आहे. कारखाने म्हणूनच काटा किंचित पुढे ठेवतात. मोठा टायर ही राखीव जागा खाऊन टाकतो. एमओटी तपासणीत एकाच आसावरील टायर वेगवेगळ्या मापाचे असणे हा दोष ठरतो. १ जानेवारी २०१२ पासून प्रथम वापरात आलेल्या मोटारीची टीपीएमएस बिघडलेली असेल, तर तीही नापास होते. चाकांतील बदल विमा कंपनीस कळवणे आवश्यक आहे. चुकीची माहिती दिल्यास दावा अडचणीत येऊ शकतो.

टायर घेण्यापूर्वी

मान्य मापे माहितीपुस्तिकेत व बहुधा दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे छापलेली असतात. ९१ व्ही यांसारख्या खुणाही पाहाव्यात. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. मान्य मापांपैकी दुसरे माप निवडल्यास मोटारीच्या संगणकात परीघ नोंदवावा लागतो का, हे अधिकृत कार्यशाळेत विचारावे. बदलानंतर सपाट, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना उपग्रहाधारित मार्गदर्शकावरील वेग सहप्रवाशाने वाचावा. वेगमापकाचा आकडा त्याहून कमी आढळला, तर ती मोटार तशीच वापरणे योग्य नव्हे.