हातापायांना मुंग्या का येतात? बधिरपणाची कारणे जाणून घ्या

मांडी घालून बराच वेळ बसले की नसेवर दाब पडून पायाला मुंग्या येतात. पाय मोकळा केल्यावर काही मिनिटांत त्या जातात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण बधिरपणा वारंवार येत असेल, तर तो नेमका कुठे येतो हे पाहावे. त्यावरून कारणाचा अंदाज येतो.

अंगठा आणि शेजारची दोन बोटे : मनगटातील नस दबणे (कार्पल टनेल सिंड्रोम). त्रास रात्री वाढतो.

करंगळी : बहुतेकदा कोपरातील नस दबणे.

कंबरेतून एका पायात उतरणारी कळ व मुंग्या : सायटिका.

दोन्ही तळपाय : मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ही कमतरता शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत अधिक आढळते. दोन्ही गोष्टी रक्ततपासणीत कळतात. मधुमेहींनी तळपाय रोज पाहावेत, कारण बधिर पायाला झालेली जखम दुखत नाही आणि लक्षात येईपर्यंत चिघळते.

त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा : कुष्ठरोगाची शक्यता. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असून हा आजार पूर्ण बरा होतो.

अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर किंवा लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून मालिश करत बसू नये, लगेच १०८ ला फोन करावा.