२६ जानेवारीचे जेवण

आपल्या सोसायटीची नोंदणी होऊन पंचवीस वर्षे झाली, पण २६ जानेवारीचे दुपारचे जेवण त्याहून बरेच जुने आहे. त्या दिवशी लिफ्टपाशी काठी टेकून उभी असलेली, इथे फ्लॅट नसलेली ही म्हातारी माणसे कोण, असे दोन-तीन तरुण सभासदांनी मला विचारले. म्हणून हे लिहितो.

लालबाग-परळच्या चाळींत ज्याची भाडेपावती तोच राहणारा, असे कधीच नव्हते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे गिरणीत लागली की बायकामुले गावीच असत. गावकीच्या एका खोलीत पंधरा-वीस जण. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे एखाद्या बाईची दहा बाय बाराची खोली. तिथेच तिचा संसार, तिथेच पंगती. पैसे महिन्याच्या पगारावर. पगार लांबला तरी वाणी थांबत नसे, मग सावकार आणि मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. मी तेव्हा बँकेत नवा होतो. तारण म्हणून दाखवायला पोळपाट-लाटण्यापलीकडे यांच्याकडे काय असणार? एकमेकींना जामीन राहून त्यांनी कर्जे घेतली. (पुढे मी मोठमोठ्या कर्जदारांच्या फायली पाहिल्या. त्याविषयी न बोललेले बरे.)

आपल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत मावशींची खाणावळ होती. २६ जानेवारीला चाळीचा सत्यनारायण असे. त्या दुपारी मावशी आपल्या गड्यांना पैसे न घेता जेवू घालीत. हळूहळू त्यात सगळी चाळ आली. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, शिरा. पानात हेच, वर्षानुवर्षे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जेवण आठ दिवसांवर आलेले. "यंदा राहू द्या," असे पुष्कळांचे मत पडले. मावशी म्हणाल्या, "रवा-साखर भरून झालीय, आता वाण्याला परत देऊ काय?" पंगत झाली. पुढच्या काही महिन्यांत एकेक जण गावी गेला, तो बहुतेक कायमचाच. मागे राहिली ती खाणावळीची वही. मावशींच्या मुलीच्या अक्षरात नाव, गाव, गिरणी आणि बाकी. काहींनी गावाहून मनिऑर्डरने बाकी फेडली, तिथे लाल रेघ आहे. काही नावांपुढे ती अजून तशीच आहे. मावशींनी कोणालाही तगादा लावला नाही.

चाळ सेसची होती. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नव्हता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला: सत्तर टक्के भाडेकरूंची संमती आणि प्रत्येक भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट. त्यातून आपणा सर्वांना घर मिळाले, हे खरेच मोठे काम झाले. मात्र प्रश्न एकच विचारला गेला, भाडेपावती कोणाच्या नावावर? गावकीच्या खोलीची पावती एकाच्या नावे होती, त्या खोलीपोटी एक फ्लॅट मिळाला. बाकीचे वीस-वीस वर्षे इथे राहिलेले, पण कागदावर कुठेच नाहीत. बँकेत जन्म गेल्यामुळे कागदाशिवाय व्यवहार चालत नाही हे मला मान्य आहे. तरी ही माणसे इथे राहत होती याचा लेखी पुरावा म्हणाल, तर मावशींची वही.

बांधकाम चालू असताना जेवण बंदच होते. सोसायटी झाल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही वहीतल्या पत्त्यांवर सत्तेचाळीस पोस्टकार्डे टाकली. एकोणीस जण आले. गेल्या वर्षी सात. संगमेश्वरचे एक काका दरवर्षी आमसुलांची पुडी घेऊन येतात आणि जिना कुठे होता ते नातवाला दाखवतात. तिथे आता मीटर रूम आहे. मावशी गेल्या. जेवण केटररचे असते, शिरा मात्र त्यांची मुलगी डोंबिवलीहून करून आणते.

ऑडिटरच्या शेऱ्यानंतर हा खर्च सोसायटीच्या खात्यातून होत नाही, आम्ही वर्गणी काढतो. ते योग्यच आहे. पण जेवण सभासद व त्यांच्या कुटुंबीयांपुरते ठेवावे, अशी सूचना गेल्या सर्वसाधारण सभेत आली, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. सभासदांसाठी गणपती आहे, कोजागिरी आहे. हे जेवण ज्यांची नावे सभासद नोंदवहीत नाहीत, त्यांचेच आहे.

वहीची पाने सुटू लागली म्हणून झेरॉक्स काढून सोसायटीच्या कपाटात ठेवली आहे. त्यातल्या बऱ्याच नावांचा ठावठिकाणा लागत नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवावी. कोणाचा पत्ता, निदान मुलाचा फोन मिळाला तरी चिठ्ठी वॉचमनकडे ठेवावी. पोस्टकार्डे मी १ जानेवारीला टाकतो.