सूरजागड आणि शिपाईगिरीचा इतिहास

पलटणींच्या इतिहासाचे मला वेड आहे. कोणती तुकडी कुठल्या घाटाने उतरली, तिच्याजवळ कोणती बंदूक होती, नदीला पाणी किती होते, धान्य कुठून आले, हे वाचण्यात मी रात्रीच्या रात्री घालवलेल्या आहेत. आपल्या चळवळीत हे वेड थोडे संशयाने पाहिले जाते. युद्धकथा हा राजेमहाराजांचा आणि त्यांच्या भाटांचा विषय, त्यात शोषितांच्या कार्यकर्त्याने काय शोधायचे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझे उत्तर साधे आहे. आपली माणसे लिखित इतिहासात पहिल्यांदा नावानिशी भेटतात ती पुष्कळदा पलटणीच्या हजेरीपत्रकात. गावच्या दप्तरात महार हा नुसता ‘महार’ असतो. बलुत्याच्या यादीतला एक धनी नसलेला आकडा. पलटणीत मात्र नावापुढे ‘नाक’ लावलेला, मेला तर दगडावर कोरला जाणारा माणूस होतो. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आपल्याला प्रिय आहे तो याचसाठी. त्यावरच्या 49 नावांत 22 नावे महारांची आहेत आणि बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तिथे उभे राहिले तेव्हा ती नावे वाचता येत होती.

पण हेच वेड घेऊन मी सूरजागडकडे वळलो तेव्हा माझी पंचाईत झाली. तिथे लढाई आहे, सेना आहे, सेनापती आहे, फाशीही आहे. फक्त शिपायांची नावे नाहीत.

सूरजागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातला लोहखनिजाने भरलेला डोंगर. माडिया गोंडांचा ठाकूरदेव तिथे आहे. सूरजागड इलाक्यातली सत्तर गावे दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रेला जमतात, आणि त्या यात्रेत ठाकूरदेवाबरोबर बाबुराव शेडमाके यांचेही नाव घेतले जाते. इलाक्याची श्रद्धा अशी की, बाबुरावाने हा डोंगर आपल्या लढ्याचा आधार केला होता. ज्या चकमकींच्या तारखा आपल्याला मिळतात त्या मात्र याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, राजगड, घोट आणि प्राणहितेच्या बाजूला घडल्या. त्यामुळे ‘सूरजागडची लढाई’ असा शब्द मी वापरणार नाही. पण डोंगरी मुलखात लढणारा माणूस लढतो एका ठिकाणी आणि दडतो दुसऱ्या ठिकाणी, आणि दडण्याच्या जागेची तारीख सरकारी कागदावर कशी चढणार? जिथे तो सापडला नाही ती जागा कागदात येत नाही.

1751 मध्ये भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य संपवले. पुढे 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्यच खालसा केले. चांद्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आला. जंगलातल्या जमीनदाऱ्या तेव्हाही शिल्लक होत्या, पण त्यांच्या डोक्यावरचा धनी बदलला. बाबुराव हा मोलमपल्लीचा जमीनदार, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. 12 मार्च 1833 चा जन्म, म्हणजे सत्तावन्नच्या वर्षी तो अवघा चोवीस वर्षांचा. 24 सप्टेंबर 1857 रोजी त्याने जंगोम सेना उभी केली असे सांगतात. जंगोम म्हणजे जागृती. यात गोंड होते, माडिया होते आणि रोहिलेही होते. ही रोहिल्यांची भरती आपले काही लेखक गाळून टाकतात, त्यांना आदिवासी उठाव शुद्ध हवा असतो. मला ती महत्त्वाची वाटते. भाडोत्री शिपाई म्हणून दख्खनभर फिरलेल्या रोहिल्यांना बंदुकीचा सराव होता. गोंडांना रानाचा होता. दोन्ही एकत्र आले म्हणूनच मार्च 1858 मध्ये राजगड पडला.

राजगडचा जमीनदार रामजी गेडाम इंग्रजांच्या बाजूचा. 7 मार्चला त्याचा पाडाव झाला आणि त्यात तो मारला गेला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठवली. 13 मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली. मग आडपल्ली आणि घोटचा जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाला. गढीसुर्ल्याच्या टेकडीवर झुंज झाली. तिथे वरून दगड लोटून शिपायांना मागे हटवल्याची आठवण त्या भागात अजून सांगितली जाते. 19 एप्रिलला सगणापूर, 27 एप्रिलला बामनपेठ. दीड महिन्यात इतक्या चकमकी आणि मधले अंतर पायी कापलेले. नकाशावर बोट ठेवून हे अंतर मोजा म्हणजे जंगोम सेनेची खरी ताकद कळेल. ती ताकद पायांत होती.

हत्याराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वीरगाथा लिहिणारे इथेच घाई करतात. असल्या उठावांत बंदूक असली तरी ती बहुधा तोड्याची. जळता तोडा सतत पेटता ठेवावा लागतो. अंधारात त्याची ठिणगी लांबून दिसते, त्याचा वास येतो, आणि पावसाची एक सर आली की हातात उरतो तो लाकडाचा दांडा. एकदा बार उडाला की पुन्हा ठासायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या बारानंतर भाला आणि कुऱ्हाडच चालवावी लागते. कंपनीच्या पलटणींकडे तोवर टोपीच्या बंदुका आलेल्या होत्या, त्या पावसात पुष्कळच भरवशाच्या. चैत्र-वैशाखात रान पानगळीने मोकळे होते, दूरवर दिसते, पावले वाजतात. तरीही उठाव त्याच महिन्यांत जोरात होता आणि पावसाळ्यात, रान दाट झाल्यावर, जेव्हा लपणे सोपे तेव्हाच तो मंदावला. याचे एक कारण भिजलेला तोडा आणि दुसरे शेतीचा हंगाम असावा, असा माझा तर्क आहे. जंगोम सेनेचा शिपाई पगारी नव्हता. नांगर धरायला त्याला गावी परतावेच लागणार.

29 एप्रिलच्या रात्रीचा चिंचगुंडीचा हल्ला मला साऱ्यांत अर्थपूर्ण वाटतो. प्राणहितेच्या काठी तारायंत्र खात्याचा तळ होता. गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे कर्मचारी मारले गेले, तिसरा पीटर निसटून क्रिक्टनला जाऊन मिळाला. सत्तावन्नमध्ये इंग्रजांना तारायंत्राने वाचवले हे आज कुठलाही विद्यार्थी पाठ म्हणतो. प्राणहितेकाठच्या गोंडांनी ती तार काय काम करते हे जाणून तळ निवडला, की गोऱ्यांचा तळ दिसला म्हणून झडप घातली? मी पहिल्या बाजूने झुकतो. ज्याला रोज नजर चुकवून चालायचे असते त्याला बातमी किती वेगाने धावते हे दुसऱ्या कोणापेक्षाही आधी कळते.

यानंतर क्रिक्टनने जे केले ते बंदुकीचे काम नव्हते. जंगलात बाबुराव सापडत नाही हे कळल्यावर त्याने अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. एकदा भोपालपट्टणमकडे सापडून बाबुराव निसटला. अखेर 18 सप्टेंबर 1858 रोजी तो अहेरीच्या माणसांच्या हाती लागला आणि इंग्रजांच्या ताब्यात गेला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाच्या झाडाला त्याला फाशी दिले. अहेरीला बक्षीस म्हणून आडपल्ली आणि घोट जमीनदारीतली 67 गावे मिळाली. व्यंकटराव बस्तरकडे गेला, 1860 मध्ये पकडला गेला, जन्मठेप झाली. त्याच वर्षी, 1858 च्या जूनमध्ये, झाशीची लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढता लढता पडली होती. आमच्या शाळांतून एक लक्ष्मीबाई सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरीचे नाव चांद्याच्या बाहेर कोणी घेत नाही, आणि तिने ज्याला धरून दिले त्याचे नाव तर कितीतरी उशिरा, 2009 मध्ये टपाल तिकिटावर आले.

राणीला नुसते फितूर ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. ती जमीनदार होती, बाबुरावही जमीनदारच होता. वतन कोणाचे राहणार, हा प्रश्न दोघांसमोर होता आणि दोघांनी निरनिराळी उत्तरे दिली. मला अडते ते वेगळ्या ठिकाणी. बाबुरावाला ज्यांनी पकडले त्यांत गोंड असणारच आणि ज्यांनी त्याला पाच महिने लपवले तेही गोंडच. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याकडे नाही. कोरेगावचा शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढला म्हणून दगडावर राहिला. जंगोम सेनेचा शिपाई विरुद्ध लढला म्हणून कागदात ‘टोळी’ होऊन विरला.

आपल्या सैनिकी परंपरेचा अभिमान बाळगताना हा हिशेब टाळता येत नाही. ज्या फौजेत आपले पूर्वज होते त्याच सत्तेने हा उठाव चिरडला. आणि त्या सत्तेनेही आपल्याला कामापुरतेच वापरले. 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली, गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांना त्याविरुद्ध अर्ज करावे लागले. पहिल्या महायुद्धात 111 महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. पुन्हा 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाची गरज आली तेव्हा, बेळगावला महार रेजिमेंट जन्मली. बाबासाहेबांनी या भरतीचा आग्रह धरला तो बंदुकीच्या प्रेमापोटी खास नव्हे. पगार, पेन्शन, शाळा आणि ताठ मान, हे त्या वर्दीत होते. सुभेदार रामजींच्या घरातल्या मुलाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

नेमके हेच आज गडचिरोलीतल्या तरुणाला वर्दीकडे ओढते. 1980 मध्ये गोदावरी ओलांडून नक्षलवादी दलम सिरोंच्याकडे आले. 1982 मध्ये चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. 1990 मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक साठ जवानांची तुकडी उभी केली, तीच सी-60. सैनिकी दृष्टीने पाहता ही कल्पना चोख होती. बाहेरच्या तुकडीला जे रान भिंतीसारखे वाटते ते या पोरांना अंगण होते. गोंडी-माडिया येत होती, दिवसच्या दिवस पायी चालण्याची सवय होती, पाणी कुठे आहे हे ठाऊक होते. शेजारच्या छत्तीसगडात विशेष पोलीस अधिकारी म्हणून आदिवासी पोरांच्या हाती तुटपुंज्या मानधनावर बंदुका दिल्या गेल्या, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. सी-60 चे जवान मात्र नियमित पोलीस नोकरीत आहेत. हा फरक लहान नाही आणि टीकाकारांनी तो पुसू नये.

पण समोर कोण होते? नेतृत्व गोदावरीपलीकडून आलेले, शिकलेले; दलमात चालणारी पोरे-पोरी याच गावांतली. 2009 हे साल पाहा. 1 फेब्रुवारीला मरकेगावला 15 पोलीस, 21 मे रोजी हत्तीगोट्याला 16, त्यात 5 महिला, 8 ऑक्टोबरला लाहेरीला 17. नंतर पारडे फिरले. 22 एप्रिल 2018 रोजी कसनासूरजवळ इंद्रावतीच्या काठी तीसहून अधिक नक्षलवादी मारले गेले. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या सुरुंगात 15 पोलीस आणि त्यांचा चालक गेला. 13 नोव्हेंबर 2021 ला मर्दिनटोल्याला 26 मृतदेह मिळाले, त्यांत मिलिंद तेलतुंबडे हे आपल्याच समाजातून, यवतमाळ जिल्ह्यातून गेलेले. मडावी, आत्राम, नरोटे, गावडे ही या जिल्ह्यातली आडनावे. ती दोन्ही बाजूंच्या यादीत येतात. एका यादीला स्मारक आहे, मानवंदना आहे. दुसरी यादी फक्त शवविच्छेदनाच्या कागदात आहे. हिंसेचा मार्ग मला कधीच मान्य नव्हता, बाबासाहेबांनी काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी जे मांडले त्यावर मी आजही उभा आहे. तरीही त्या दुसऱ्या यादीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला ‘ठार झालेली एक’ म्हणून मोजताना 1858 ची ‘टोळी’ मला आठवल्याशिवाय राहत नाही.

15 ऑक्टोबर 2025 रोजी भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. सैनिकी प्रकरण म्हणून पाहिले तर गडचिरोलीतली ही लढाई त्या दिवशी सरकारने जिंकली.

आता सूरजागडाकडे पाहावे. 2007 मध्ये तिथे 348 हेक्टरवर लॉइड्स मेटल्सला खाणपट्टा मिळाला. ग्रामसभांनी ठरावांवर ठराव करून विरोध नोंदवला. 2013 मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघांना ठार केले. डिसेंबर 2016 मध्ये सत्तर-ऐंशी वाहने जाळली. या जाळपोळीने डोंगर वाचला नाही. उलट बंदोबस्त वाढला, आणि ठराव घेऊन सनदशीर मार्गाने उभ्या राहिलेल्या ग्रामसभेच्या माणसाकडेही संशयाने पाहणे सोपे झाले. 2022 मध्ये उत्पादन वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्यासाठी जनसुनावणी झाली, पुढच्या वर्षी मंजुरी आली. खाणीत स्थानिकांना रोजगार मिळाला हेही खरे आहे. गडावर ठाकूरदेव अजून आहे, यात्रा भरते, आणि यात्रेच्या वाटेवर खनिजाचे ट्रक चालतात.

क्रिक्टनला तारायंत्रासाठी ही वाट मोकळी हवी होती. जंगोम सेनेतल्या माणसांची नावे त्याने लिहून ठेवली नाहीत. अहेरी, एटापल्ली, घोट, चामोर्शी या पट्ट्यात आजही घराघरांत ‘आमचा आजा-पणजा बाबुरावाबरोबर होता’ असे सांगणारी माणसे आहेत. गाव, कूळ, देव आणि नाव, एवढ्या चार गोष्टी वहीत उतरून घेतल्या तर पुढे त्या पडताळता येतील. हे काम त्या भागातल्या शिक्षकांनी आणि शिकणाऱ्या पोरांनी हाती घ्यावे. उतरून घेताना 1858 पाशी थांबू नये. सांगणारा 2009 चेही सांगू लागला, मग तो कोणत्याही यादीतल्या पोराचा बाप असो, तर तेही लिहून घ्यावे.