वऱ्हाडचा आवाज आणि दुर्मीळ ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक

भाऊराव कोल्हटकर इ. स. १९०१ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी, १९०२ च्या नोव्हेंबरात, फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठी हिंदुस्थानातील पहिली ध्वनिमुद्रणे केली. एवढ्याशा अंतरामुळे मराठी रंगभूमीवरील एक अलौकिक गळा आपल्याला केवळ वर्णनांवरून कल्पावा लागतो. भास्करबुवा बखले यांची गोष्ट याहून निराळी आहे. ते १९२२ पर्यंत हयात होते; त्यांच्या डोळ्यांदेखत शेकडो गायक-गायिकांच्या तबकड्या निघाल्या; परंतु त्यांचे स्वतःचे गाणे तबकडीवर उतरले नाही. पहिल्या उदाहरणात साधन उपलब्ध नव्हते, दुसऱ्यात साधन असूनही योग जुळला नाही. नाहीसे होण्याचा तिसराही एक प्रकार आहे, व संशोधकाने त्याचीच विशेष चिंता करावयास हवी. आवाज मुद्रित झालेला असतो, तबकडीही कोठेतरी शिल्लक असते; पण तीत काय आहे व ते का ऐकावे हे सांगणारे कोणी उरलेले नसते. वऱ्हाडच्या बाबतीत हा तिसरा प्रकारच अधिक घडला आहे.

प्रथम या वस्तूचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या मिश्रणाची असे. तिच्या एका बाजूस साधारणतः तीन मिनिटांचे गाणे मावत असे. प्रारंभीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ पासून कलकत्त्यास सियालदा येथील कारखान्यात त्या तयार होऊ लागल्या. पोलादी सुई प्रत्येक वादनाबरोबर खाचा झिजवी. हातातून निसटली की तबकडीचे तुकडे होत. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जुन्या तबकड्या परत घेऊन वितळविण्यात आल्या. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या अकोला-अमरावतीकडे ही वस्तू आडवी, एकीवर एक रचून, पत्र्याच्या छपराखाली ठेवली तर तिचे काय होते हे सांगणे नको. सारांश, जुनी ध्वनिमुद्रिका आपोआप टिकत नाही. ती कोणीतरी हेतुपूर्वक टिकवावी लागते.

हे काम सरकारी संस्थांपूर्वी हौशी संग्राहकांनी आरंभिले. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होत. संस्थेचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक म्हणजे संग्राहकांनी संग्राहकांसाठी केलेल्या शिफारशींचे दप्तरच होय. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनातर्फे प्रसिद्ध केली. अशा सूचीत तबकडीचा विक्रीक्रमांक असतो, तसाच मूळ साच्याचा क्रमांकही असतो. साच्याचा क्रमांक तबकडीच्या मध्यभागी कोरलेला असल्यामुळे लेबल फाटले किंवा पुसले गेले तरी ओळख पटते. आरंभीच्या काळात गायक गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत. दूरदेशीच्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे, हा त्याचा व्यावहारिक हेतू. आज मात्र ते शब्द त्या काळच्या उच्चाराचा पुरावा ठरले आहेत.

तथापि संग्रह करणे आणि शिफारस करणे ही दोन भिन्न कामे आहेत. त्यांच्यातील भेद स्पष्ट होण्यासाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या तबकड्यांना तेथील व्यापारात पूर्वी वंशवाचक नाव होते. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने ते टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. या संगीतात चर्चमधील भजनाचा आवेश मिसळून पुढे ‘सोल’ संगीत सिद्ध झाले. अमेरिकेत न खपलेल्या सोलच्या तबकड्यांना १९७० च्या आसपास इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरणगावांत अनपेक्षित चाहता वर्ग मिळाला. विगन येथील नृत्यगृहात १९७३ ते १९८१ पर्यंत रात्र-रात्र या तबकड्या वाजत. तेथील काही वादकांनी एक विलक्षण रीत पाडली होती. आपल्याजवळची दुर्मीळ तबकडी दुसऱ्यास सापडू नये म्हणून ते तिच्या लेबलावर कागद चिकटवीत व तिला खोटे नाव देत. गाणे सर्वांच्या कानी पडे, पण ते कोणाचे हे कोणास कळत नसे. याउलट डेव्ह गॉडिन या लेखकाने नियतकालिकातील आपल्या सदरातून गायक, कंपनी व तबकडी यांची नावे उघड सांगितली. या संगीतप्रवाहाला ‘नॉर्दर्न सोल’ हे नावही त्यानेच दिले. फ्रँक विल्सन याच्या १९६५ मधील एका तबकडीच्या प्रती कंपनीने नष्ट केल्या होत्या. उरलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. किंमत दुर्मीळतेमुळे वाढली हे खरे. पण ते गाणे मुळात कोणाचे हे शोधून सांगणारे लोक नसते, तर दुर्मीळतेला किंमतच आली नसती.

वऱ्हाडच्या आवाजावर असा कागद कोणी मुद्दाम चिकटविला नाही. तो व्यवसायाच्या रीतीनेच चिकटला गेला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ हे नाटक बळवंत संगीत मंडळीने १९२७ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यातील मास्टर दीनानाथ मंगेशकरांची पदे तबकड्यांमुळे घरोघर गेली. लेबलावर गायकाचे नाव ठळक, त्याखाली पदाचा आरंभ व नाटकाचे नाव. नाटककाराच्या गावाचा तेथे प्रश्नच नव्हता. परिणामी ही पदे पुण्या-मुंबईच्या नाट्यसंगीताच्या खात्यावर जमा झाली. ज्या राजकीय तळमळीतून ती लिहिली गेली, तिचे टिळकयुगीन अमरावतीशी असलेले नाते श्रोत्यांच्या लक्षात राहिले नाही. पुढच्या पिढीतही हेच दिसते. अमरावतीस जन्मलेले सुरेश भट यांच्या रचना ‘सिंहासन’ (१९७९) व ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिकांतून महाराष्ट्रभर पोचल्या. अकोल्याशी निगडित असलेले कवी विठ्ठल वाघ यांचे मातीचे गाणे ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातून घराघरांत गेले. संग्राहकाच्या कपाटात या तबकड्या चित्रपटाच्या किंवा गायकाच्या नावाखाली लागतात. वऱ्हाड या नावाखाली त्या लावावयाच्या तर जाणत्या माणसाने तसे सुचवावे लागते.

गाण्याहून बोलण्याची तबकडी अधिक उपेक्षित राहते. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे सारे कार्य झाडू आणि कीर्तन यांच्याद्वारे झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी ते अमरावतीजवळ निवर्तले. म्हणजे आयुष्यभर गावोगाव घुमलेला हा आवाज आज प्रामुख्याने त्याच्या अखेरच्या दिवसांतील एका मुद्रणातून परिचित आहे. त्यांच्या कीर्तनाची घडण प्रश्नोत्तरांची होती. महाराज विचारीत, लोक एकमुखाने उत्तर देत, आणि मध्येच ‘गोपाला’चा गजर होई. छापील पाठात प्रश्न उरतो व उत्तरही उरते. दोहोंमधील विराम, लोकांचा हुंकार आणि गजर उचलण्याची लय तेवढी निसटते.

अमेरिकेतील डेट्रॉईटचे धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने १९५० नंतरच्या काळात तबकड्यांवर विक्रीस आली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. सोल संगीताची विख्यात गायिका अरीथा फ्रँकलिन ही त्यांची कन्या. उपदेशकाची हाक व मंडळींचा प्रतिसाद ही घडण सोल संगीतात कोठून आली, हे त्या तबकड्या ऐकताच उमगते. म्हणून तेथील अभ्यासकांनी प्रवचनांच्या तबकड्यांना गाण्यांइतकेच महत्त्व दिले. आपल्याकडे मात्र कीर्तनाचे मुद्रण श्रद्धेचा विषय म्हणून जपले जाते. बोलीचा व लोककलेचा दस्तऐवज म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. खंजिरीवरील भजनांनी वऱ्हाड जागविणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) ध्वनिमुद्रणांनाही हेच लागू पडते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात काय पणास लागले आहे? जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे’चा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत, पण ते कागदावर. केवळ लिपीने काम भागत नाही हे ओळखून पुढे ग्रामोफोनवर भारतीय भाषांचे नमुने घेण्यात आले. उधळ्या पुत्राची कथा हा त्यांतील ठरीव पाठ असे. त्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीत जतन झाल्या व शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने आज कोणालाही ऐकता येतात. वऱ्हाडीत ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ही रूपे होतात; ‘जात आहे’ऐवजी ‘जाऊन राहिला’ असा प्रयोग होतो. यांतील रूपे लिहून ठेवता येतात. परंतु ‘डोया’मधील ‘य’ किती निसटता, वाक्याच्या शेवटी सूर कोठे चढतो, हे कानाशिवाय कळत नाही. शिवाय कीर्तन वा भजन छापताना लेखनिक नकळत ‘मले’चे ‘मला’ करून टाकतो. म्हणजे छापील पाठ शुद्ध होतो आणि पुरावा बिघडतो. ध्वनिमुद्रण असा शुद्धिपत्रकाचा अपराध करीत नाही.

यावरून संग्राहकाच्या शिफारशीचे स्वरूप कसे असावे हे ठरविता येईल. ‘ऐकण्यासारखी आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. विक्रीक्रमांक, साच्याचा क्रमांक, कंपनी व तबकडीची अवस्था या बाबी संग्राहक नेमाने टिपतो. वऱ्हाडसंबंधी तबकडीच्या बाबतीत त्यांत आणखी तीन बाबींची भर पडावी : शब्द कोणाचे व तो कोणत्या गावचा, आवाजातील बोली कोणती, आणि छापील पाठ उपलब्ध असल्यास तो आवाजापासून कोठे ढळतो. ही नोंद करण्यास मोठे भांडवल लागत नाही. बोली ज्याच्या कानात आहे असा माणूस मात्र लागतो. शाळा, वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी यांच्या योगे बोली प्रमाणभाषेकडे सरकत आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वऱ्हाडी घरात ऐकलेली माणसे अमरावती-अकोल्याकडे आज आहेत. ती नेहमीच असणार नाहीत. त्यांच्यानंतरही तबकड्या वाजतील, परंतु त्यांत कोणता शब्द कोठला, हे ऐकणाऱ्यास सांगता येणार नाही. सूचीचे हे काम त्यांच्या हयातीत व त्यांच्या साह्याने झाले, तरच कपाटातील तबकडीला वऱ्हाडच्या इतिहासाचे साधन म्हणता येईल.