कार्बाइड अवक्षेपण (कमी कार्बनाच्या मिश्र पोलादातील)

पोलादात विरघळलेला कार्बन लोखंड, क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम किंवा नायोबियम यांच्याशी संयोग पावून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो, ती क्रिया. कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांच्या आत असेल तर पोलाद कमी कार्बनाचे समजतात. एवढ्याशा कार्बनातून किती बळ मिळेल, हे कण केवढे आहेत आणि कुठे बसले आहेत यावर ठरते.

७२७° सेल्सिअसला ऑस्टेनाइटमध्ये (लोखंडाच्या तापलेल्या रूपात) सुमारे ०.७७ टक्के कार्बन मावतो, फेराइटमध्ये (थंड रूपात) जेमतेम ०.०२. पोलाद थंड होताना उरलेल्या कार्बनाला जागा शोधावी लागते. सावकाश थंड केल्यास तो सिमेंटाइटच्या, म्हणजे लोह कार्बाइडच्या, जाड पट्ट्यांत साचतो. झटकन थंड केल्यास तो आतच कोंडला जातो आणि मार्टेन्साइट ही कठीण रचना बनते. कोयत्याला पाणी देऊन नंतर तो पुन्हा शेकणारा लोहार हेच करतो, फक्त त्याचे तापमापक म्हणजे पात्याचा रंग. शेकताना, म्हणजे टेम्परिंगमध्ये, सिमेंटाइट जाड होते आणि कठीणपणा उतरतो. मात्र मॉलिब्डेनम किंवा व्हॅनेडियम पुरेसे असेल तर ५००–६००° सेल्सिअसच्या दरम्यान तो पुन्हा चढतो. हे अणू कार्बनासारखे चपळ नसतात. त्या तापमानाला ते हलू लागतात आणि काही नॅनोमीटरचे कार्बाइड तयार होतात. धातू वाकतो तो डिसलोकेशन नावाचे दोष सरकल्यामुळे. कण दाटीने असतील तर दोषाला त्यांच्यामधून वाकून निघावे लागते आणि मागे वेढा सोडावा लागतो. ही उपपत्ती एगॉन ओरोवान यांनी १९४८ मध्ये मांडली. कणांमधले अंतर जितके कमी तितके बळ जास्त, म्हणूनच शतांश टक्क्यांत मोजावे लागणारे नायोबियमही परिणाम दाखवते. शिवाय ते लाटणीच्या वेळी स्फटिककण वाढू देत नाही. बारीक स्फटिककणांनी बळ आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. बळ वाढवणाऱ्या इतर बहुतेक उपायांत चिवटपणा गमवावा लागतो.

पुणे परिसरात हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. भोसरी-चाकणच्या गिअर कारखान्यांत २० एमएनसीआर ५ सारख्या पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात. भट्टीत कार्बन जास्त झाला तर दातांच्या कोपऱ्यांत, स्फटिककणांच्या सीमांवर कार्बाइडचे जाळे धरते आणि तिथूनच तडा जातो. कण तेच, जागा चुकलेली. मुंढव्याची भारत फोर्ज (स्थापना १९६१) क्रँकशाफ्टसाठी प्रसिद्ध आहे. जगभर असे भाग व्हॅनेडियमच्या सूक्ष्ममिश्र पोलादातूनही घडवतात. घडाई झाली की ते हवेतच बेताने थंड होतात, अवक्षेपण तिथेच उरकते, तेलात बुडवून पुन्हा टेम्परिंग करण्याचा खर्च वाचतो. या पोलादात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असल्याने काटेकोरपणे ते या नोंदीबाहेरचे. पण तत्त्व इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

थरमॅक्स कंपनीमुळे पुण्याला परिचित असलेल्या बॉयलरच्या क्षेत्रात गोष्ट उलटी फिरते. २.२५ टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनम असलेल्या नळ्या सुमारे ५४०° सेल्सिअसला वर्षानुवर्षे राबतात. सुरुवातीचे सुईसारखे मॉलिब्डेनम कार्बाइड हळूहळू विरघळतात, त्यांच्या जागी मोठे, विरळ कण येतात आणि नळी मंदगतीने ताणली जाऊ लागते. नळी न कापता तपासायची तर तिचा पृष्ठभाग घासून चकचकीत करतात, नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने कोरतात, प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर त्याचा ठसा घेतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. स्फटिककणांच्या सीमांवर जाडसर कार्बाइडशेजारी पोकळ्यांची माळ दिसू लागली, की नळी बदलण्याचा विचार सुरू होतो.