नाव नसलेली वर्गणी

ग्रीसमधल्या जुन्या करिंथ शहराच्या उत्खननात १९२९ साली फरसबंदीवरचा एक लॅटिन शिलालेख सापडला. मजकूर त्रोटक आहे: एरास्तसने मिळालेल्या अधिकारपदाच्या बदल्यात ही फरसबंदी स्वखर्चाने केली. पौलाच्या रोमकरांस पत्रात याच नावाचा एक नगराचा खजिनदार भेटतो. तो हाच का, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला रस आहे तो दगडातल्या हिशोबात. पद मिळालं, रस्ता दिला, नाव कोरलं. आपल्याकडे पंख्याच्या पात्यांवरही देणगीदाराचं नाव रंगवतात, त्यामुळे हा हिशोब आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

याच शहरात इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात पौल एक वर्गणी जमवू पाहत होता. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. त्याआधी यरुशलेमच्या बैठकीत याकोब, केफा आणि योहान यांनी त्याचं यहुदीतर लोकांमधलं काम मान्य केलं होतं आणि गरिबांची आठवण ठेव, एवढंच सांगितलं होतं. पण तो मेळ कच्चा होता. सुंता न झालेली ही ग्रीक माणसं खरंच आपली का, ही शंका यरुशलेममध्ये कायम होती. वर्गणी हे तिला दिलेलं उत्तर होतं.

पद्धत साधी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवायचं, म्हणजे पौल आल्यावर धावपळ नको. पैसे कोण नेणार हेही मंडळीनेच ठरवायचं. हजारेक मैलांच्या प्रवासात रोकड एकट्याच्या हाती असली की लोक काय बोलतात, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

करिंथकरांनी उत्साहाने सुरुवात केली आणि मग ते थंडावले. मधल्या काळात पौलाशी त्यांचं बिनसलं होतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय म्हणजे या थंडावलेल्या मंडळीला केलेली विनवणी. त्यात मुत्सद्देगिरी भरपूर आहे. आधी मासेदोनियाच्या मंडळ्यांचं कौतुक: स्वतः हलाखीत असून, आम्हालाही देऊ द्या, म्हणून त्यांनीच गळ घातली. मग हळूच चिमटा: तुमची तयारी वर्षभरापासून आहे असं मी त्यांना सांगून बसलोय, ते माझ्याबरोबर आले आणि तुम्ही तयार नसलात तर शरम कोणाला? थोडक्यात, गोड भाषेतला तगादा. हे वाचून पौल मला जास्तच खरा वाटतो.

पण दोन अध्याय पैशांविषयी असूनही त्यात पैशासाठी सरळ शब्द जवळपास नाही. पुन्हा पुन्हा येतो तो ‘खारिस’. या एका ग्रीक शब्दात देवाची कृपा आहे, दिलेली भेट आहे आणि त्याबद्दलचे धन्यवादही आहेत. मराठीत ‘आभार’ म्हटलं की त्यात ‘भार’ ऐकू येतो. उपकाराचं ओझं होतं आणि ते फेडावं लागतं. एरास्तसचा दगड त्याच व्यवहारातला. पौल तो व्यवहार मोडतो. तुमच्याजवळचं मुळात मिळालेलंच आहे, म्हणून दिल्यावर आभार तुमचे मानले जाणार नाहीत, देवाचे मानले जातील, असं तो सांगतो. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला उपकारस्तुती म्हणतात ती हीच. यरुशलेमचा गरीब माणूस करिंथच्या श्रीमंताचा मिंधा होत नाही. म्हणूनच की काय, कोणी किती दिलं याचा एकही आकडा, एकाही वर्गणीदाराचं नाव उरलेलं नाही.

देणं एक वेळ जमतं, घेणं अवघड. रोमकरांस पत्र लिहिताना पौलाला हीच धास्ती होती. मासेदोनिया आणि अखयाची वर्गणी जमली, असं तो सांगतो आणि प्रार्थना करायला लावतो: यरुशलेमच्या लोकांना ही सेवा पसंत पडावी. नको म्हणाले असते, तर पैसे परत आले असते इतकंच नव्हे. ग्रीक मंडळ्या परक्या ठरल्या असत्या.

त्यांनी ती घेतली का? प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक पौलाचे सहप्रवासी गावांसकट मोजून देतं (त्यात करिंथचा एकही नाही), बंधूंनी आनंदाने स्वागत केलं असंही सांगतं. वर्गणीबद्दल मात्र अवाक्षर नाही. याकोब आणि वडील मंडळी पौलाला सुचवतात ते वेगळंच: नवस केलेल्या चार माणसांबरोबर शुद्ध हो आणि त्यांचा खर्च कर. तो मंदिरात जातो, दंगल उसळते, त्याला अटक होते.

पुढे सुभेदार फेलिक्ससमोर बाजू मांडताना, आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, असं एक ओझरतं वाक्य तो बोलून जातो. त्यानंतर फेलिक्स त्याला वरचेवर बोलावून घेई. पौलाकडून काही पैसे मिळतील, अशी त्याला आशा होती. ते मिळाले नाहीत, आणि दोन वर्षांनी सुभेदार बदलला तेव्हाही पौल कैसरियात कोठडीतच होता.