गॅलरीतला पंथद्वेष: स्कॉटलंडच्या एका कायद्यावर भाष्य

स्कॉटलंडच्या संसदेने डिसेंबर २०११ मध्ये फुटबॉल सामन्यांतल्या आक्षेपार्ह वर्तनाविरुद्ध एक कायदा केला. तो १ मार्च २०१२ रोजी लागू झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये रद्द झाला. जेमतेम सहा वर्षं टिकलेला हा कायदा ओळीओळीने वाचण्याजोगा आहे. समाजात मुरलेला द्वेष कायद्याच्या भाषेत पकडायला गेलं की काय हाती लागतं आणि काय निसटतं, ते त्याच्या पहिल्या कलमात स्वच्छ दिसतं. माझं मत आधीच नोंदवतो. रोगाचं निदान बरोबर होतं. पण जो गुन्हा हजारो गळे मिळून करतात, त्याची जबाबदारी या कायद्याने एकेकट्या चाहत्यावर टाकली आणि क्लबांना मोकळं सोडलं. कलमांचा मजकूर शब्दशः न देता आशयाने दिला आहे.

कलम १(१): फुटबॉल सामन्याच्या संदर्भात जी व्यक्ती पुढे वर्णन केलेलं वर्तन करते, आणि त्या वर्तनाने सार्वजनिक सुव्यवस्था बिघडण्याची शक्यता असते किंवा एरवी असती, ती व्यक्ती गुन्हेगार ठरते.

फुटबॉलच का, हे समजायला २०१०-११चा हंगाम आठवावा लागतो. ग्लासगोचे दोन क्लब, परंपरेने प्रॉटेस्टंटांचा मानला जाणारा रेंजर्स आणि कॅथलिकांचा सेल्टिक, त्या एका हंगामात सात वेळा समोरासमोर आले. २ मार्च २०११च्या स्कॉटिश चषकाच्या सामन्यात तीन खेळाडूंना लाल कार्ड मिळालं, आणि सामना संपल्यावर सेल्टिकचे व्यवस्थापक नील लेनन व रेंजर्सचे ॲली मॅकॉइस्ट मैदानाच्या कडेलाच एकमेकांना भिडले. स्कॉटलंडचे तेव्हाचे सरकारप्रमुख, फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांनी आठवडाभरात दोन्ही क्लबांना आणि पोलिसांना बैठकीला बोलावलं. त्याच वसंतात उत्तर आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिक लेनन यांच्या नावाने स्फोटकांचं पार्सल पाठवलं गेलं. मे महिन्यात एडिनबराच्या टाइनकासल मैदानावर एक प्रेक्षक त्यांच्या अंगावर धावून गेला. हे दृश्य टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं, तरी पंथद्वेषातून हल्ला केल्याचा आरोप सिद्ध होत नाही, असा निर्णय ज्युरीने दिला. शिक्षा झाली ती शांतताभंगाची. सरकारची अस्वस्थता खरी होती. मात्र विधेयक नवा हंगाम सुरू होण्याआधीच उरकून टाकण्याची घाई आधी झाली, आणि नंतर मुदत वाढवूनही मसुद्यातला कच्चेपणा गेला नाही. शेवटी सगळ्या विरोधी पक्षांचा विरोध असताना केवळ सत्ताधारी पक्षाच्या बहुमतावर ते मंजूर झालं. द्वेषाविरुद्धच्या कायद्याला सर्वपक्षीय पाठबळ नसणं ही पहिलीच मोठी उणीव होती.

कलम १(२)(अ): एखाद्या धार्मिक गटाविरुद्ध, किंवा ज्याचं एखाद्या धर्माशी नातं आहे असं मानलं जातं अशा सामाजिक वा सांस्कृतिक गटाविरुद्ध द्वेष व्यक्त करणं किंवा भडकवणं.

पूर्ण कायद्यातली सर्वांत जाणती ओळ हीच. ग्लासगोत माणूस चर्चमध्ये जातो की नाही हे कोणी विचारत नाही. त्याचं आडनाव, त्याची शाळा आणि त्याच्या गळ्यातल्या मफलरचा रंग पुरतो. ‘मानलं जातं’ हे शब्द घालून मसुदाकारांनी ही वस्तुस्थिती ओळखली.

या मानण्याला इतिहास आहे. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून निघालेली हजारो कॅथलिक कुटुंबं क्लाइड नदीकाठच्या गिरण्या, खाणी आणि गोद्यांत आली. त्यांच्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून मारिस्ट संघाचे ब्रदर वॉल्फ्रिड यांनी १८८७ मध्ये सेल्टिकची स्थापना केली. रेंजर्स त्याआधीचा, १८७२चा. काही तरुणांनी हौसेने काढलेल्या या क्लबात सुरुवातीला पंथाचा मागमूस नव्हता. १९१२ मध्ये बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीने गव्हन भागात गोदी घेतली, आणि तिच्यामागून आलेल्या प्रॉटेस्टंट कामगारांनी रेंजर्सला आपला रंग दिला, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे तर कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही असा अलिखित नियमच रेंजर्समध्ये रुजला. तो मोडायला जुलै १९८९ उजाडावा लागला. व्यवस्थापक ग्रेम सूनेस यांनी कॅथलिक मो जॉन्स्टन यांना करारबद्ध केलं तेव्हा काही चाहत्यांनी आपले मफलर जाळले. सेल्टिकमध्ये तशी बंदी नव्हती. १९६७ मध्ये त्यांना युरोपियन चषक जिंकून देणारे जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होते.

मराठी वाचकाला इथे मुंबईच्या चौरंगी आणि पंचरंगी क्रिकेट सामन्यांची आठवण होईल. तिथे संघच धर्मावर बांधलेले होते, म्हणून १९४० मध्ये गांधीजींनी त्यांना विरोध केल्यावर प्रश्न स्पर्धा चालू ठेवायची की नाही एवढाच उरला, आणि १९४६ मध्ये ती बंद पडली. ग्लासगोला हा मार्ग खुला नाही. तिथे दोन्ही संघांत आज सर्व पंथांचे, सर्व देशांचे खेळाडू आहेत. जुनं वैर उरलं आहे ते प्रेक्षकांत.

या ओळीबद्दलचा माझा आक्षेप वेगळा आहे: तिने नवं काही दिलं नाही. २००३च्या फौजदारी कायद्याच्या कलम ७४ नुसार कोणत्याही गुन्ह्यामागे धार्मिक द्वेष असेल तर तो अधिक गंभीर धरण्याची तरतूद होतीच. २०१०-११ या वर्षात तिच्याखाली ६९३ दोषारोप नोंदवले गेले, आणि त्यांतले साधारण एक तृतीयांशच फुटबॉलशी संबंधित होते. उरलेले रस्त्यावरचे, दारूच्या नशेतले, शेजारपाजारचे, पोलिसांच्या तोंडावर दिलेल्या शिव्यांचे. १९९५ मध्ये ग्लासगोच्या ब्रिजटन भागात सेल्टिकचा सामना पाहून घरी निघालेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा भर रस्त्यात गळा चिरला गेला. त्याच्या शाळकरी मैत्रिणीने पुढे ‘निल बाय माउथ’ ही संस्था काढली आणि ती शाळाशाळांत, कामाच्या ठिकाणी जाऊन पंथद्वेषाविषयी बोलू लागली. मला हे काम या कायद्यातल्या कोणत्याही ओळीपेक्षा मोलाचं वाटतं.

कलम १(२)(क) आणि (ड): अशा द्वेषातून घडलेलं वर्तन, धमकीचं वर्तन.

यावर फार लिहिण्यासारखं नाही. दोन्ही गोष्टी आधीच्या कायद्यांत बसत होत्या.

कलम १(२)(इ): समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटण्याची शक्यता आहे असं इतर कोणतंही वर्तन.

कायदा इथे घसरला. आधीच्या खंडांना द्वेषाची किंवा धमकीची अट आहे, इथे नाही. ज्याला जे आक्षेपार्ह वाटेल ते गुन्ह्याच्या कक्षेत आलं, आणि निवाडा त्या ‘समंजस माणसा’वर सोपवला गेला. पण आयरिश राजकारणाच्या बाबतीत समंजस माणूस कुठल्या गल्लीतला धरायचा? सेल्टिकच्या गॅलरीत आयरिश स्वातंत्र्यलढ्याची आणि १९८१ मध्ये तुरुंगात उपोषण करून मेलेल्या आयरिश रिपब्लिकन कैद्यांची गाणी म्हटली जातात. गाणाऱ्याला ती आजोबांच्या देशाची गाणी वाटतात; आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बहल्ल्यात माणूस गमावलेल्याला ती जखमेवर मीठ चोळणारी वाटतात. दोघेही खोटं बोलत नाहीत. पण यांतलं काहीही कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट माणसाचा द्वेष नव्हे. पंथद्वेष आणि राजकीय निष्ठा यांची गल्लत केली की खरा पंथद्वेष करणाऱ्याला ‘आमचंही राजकारणच आहे’ म्हणायची सोय होते. ती सोय या खंडाने करून दिली, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

याउलट, जिथे द्वेष उघड होता तिथे जुनाच कायदा पुरला होता. आयरिश वंशाच्या लोकांनी हा देश सोडून जावं अशा आशयाचं गाणं रेंजर्सच्या एका चाहत्याने किल्मार्नॉकच्या मैदानावर म्हटलं. २००९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते वांशिक द्वेषाचं ठरवून शांतताभंगाची शिक्षा कायम केली. हा कायदा तेव्हा जन्मलाही नव्हता.

कलम १(५): बंदोबस्त असल्यामुळे, किंवा चिथावले जातील असे लोक तिथे नसल्यामुळे वा पुरेशा संख्येने नसल्यामुळे दंगा झाला नाही, तरी सुव्यवस्था बिघडण्याची शक्यता होती असंच धरावं.

उद्देश समजण्यासारखा आहे. मध्ये पोलिसांची रांग उभी आहे म्हणून गुन्हा माफ होऊ नये. पण दुसरा भाग कुठवर जातो ते डिंगवॉलच्या खटल्यात दिसलं. डिंगवॉल हे उत्तरेतलं छोटं गाव. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे रॉस काउंटीविरुद्ध सेल्टिकचा सामना होता, आणि पाहुण्यांच्या गॅलरीत एका तरुणाने इतरांबरोबर तीच आयरिश गाणी म्हटली. ती ऐकून कोणी चिडल्याचा पुरावा नव्हता. खालच्या न्यायालयाने त्याला सोडलं. वरिष्ठ न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारचं अपील मान्य केलं. कायद्याचे शब्द पाहता तो निर्णय बरोबरच म्हणावा लागेल. चिथावलं जाईल असं कोणी हजर असण्याची गरजच शब्दांनी काढून टाकली होती. त्याच वर्षी डंडीच्या एका न्यायाधीशांनी या कायद्याच्या मसुद्यावर भर कोर्टात सडकून टीका केली.

कलम २: मैदानात, जाता-येताना, तसंच घर सोडून जिथे सामना टीव्हीवर दाखवला जातो तिथलं वर्तनही यात येईल.

म्हणजे पबही आला, रेल्वेचा डबाही आला. सामन्याच्या दिवशी वैर मैदानाबाहेरच जास्त पेटतं, म्हणून ही व्याप्ती योग्यच होती. पण सामन्याला जाणारा तरुण यामुळे घरापासून घरापर्यंत संशयित झाला. पोलिसांचे कॅमेरे सतत रोखलेले असतात अशी चाहत्यांची तक्रार होती. सेल्टिकच्या हिरव्या-पांढऱ्या आणि रेंजर्सच्या निळ्या, दोन्ही बाजूंचे चाहते कायद्याविरुद्ध एकाच सुरात बोलू लागले. ज्यांना दुरुस्त करायचं त्यांचा विश्वासच गेल्यावर दुरुस्ती कोण करणार?

कलम १(६): शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

कैद चाहत्याला; तिकीट विकणाऱ्या, मफलर विकणाऱ्या क्लबाला काहीच नाही. प्रेक्षकांच्या वर्तनाला क्लबाला थेट जबाबदार धरण्याचा नियम युरोपीय फुटबॉल संघटना यूएफा वापरते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने गॅलरीतल्या पंथद्वेषी घोषणांसाठी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानातल्या ३,००० खुर्च्या लेगिया वॉर्सॉविरुद्धच्या सामन्यात रिकाम्या ठेवायला लावल्या. घोषणा देणारा कोण हे शोधत बसावं लागलं नाही. शेजारच्याला गप्प करण्याचं कारण प्रत्येक प्रेक्षकाला मिळालं, आणि क्लबाच्या संचालकांना आपल्याच लोकांशी उघडपणे बोलावं लागलं. हाच नियम देशांतर्गत स्पर्धांना लावण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये स्कॉटिश फुटबॉल संघटनेपुढे आला तेव्हा क्लबांनी तो फेटाळला. फुटबॉलचा कायदा रद्द करायला मार्च २०१८ मध्ये संसदेने ६२ विरुद्ध ६० मतांनी मंजुरी दिली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नव्या द्वेषविरोधी कायद्यात धर्माच्या नावाने द्वेष भडकवणं गुन्हा आहे, त्यासाठी वर्तन धमकीचं वा शिवीगाळीचं असावं लागतं आणि हेतूही सिद्ध करावा लागतो. ही अट मला योग्य वाटते. पण तोही कायदा धरतो ते व्यक्तीलाच. क्लबांवरच्या जबाबदारीचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आणणं हे आता क्लबांच्याच हाती आहे, आणि तो आणण्याची पहिली जबाबदारी रेंजर्स आणि सेल्टिकची आहे.